चित्र आणि अक्षर

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत रंगीत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो पुणे जिल्ह्यातील मळवलीस गेला. तेथील देवदेवतांची चित्रे कालांतराने जाहिरातींच्या दिनदर्शिकांवरही आली. अशा जुन्या कागदांतून प्रेरणा घेणारे आजचे चित्रकार अनेकदा चित्र तेवढे ठेवतात व अक्षरे कापून टाकतात. आमच्या मते अर्थहानी होते ती येथेच. पुण्याच्या मार्केट यार्डातील एखाद्या भुसार पेढीवर टांगलेली लक्ष्मी पाहावी. खालचे व्यापाऱ्याचे नाव व तिथीवार वगळले, तर उरते केवळ देवता; नावासह तेच चित्र पेढीची पत सांगते. सबब अशा कागदांच्या अभ्यासकाने चित्राइतकेच अक्षरही प्रमाण मानणे अवश्य आहे.