फादर स्टीफन्स यांचं गोव्याहून पहिलं पत्र

फादर थॉमस स्टीफन्स म्हटलं की आपल्याला ‘क्रिस्तपुराण’ आठवतं, आणि त्यातल्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या. शाळेपासून त्या ऐकत आल्यामुळे आमचाही एक समज होऊन बसला होता, की हा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला आणि मराठीवर लुब्ध झाला. आज हा समज तपासून पाहू. त्यासाठी एक अस्सल साधन आपल्या हाताशी आहे, ते म्हणजे त्यांनी गोव्याहून वडिलांना इंग्रजीत लिहिलेलं पत्र.

४ एप्रिल १५७९ला ते लिस्बनहून निघाले, २४ ऑक्टोबरला गोव्यात पोचले आणि १० नोव्हेंबरला पत्र लिहिलं. वय तिशीच्या आसपास. १५८९मध्ये हॅक्लुइटनं आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते छापलं.

आता पत्रात गोवा किती आहे? अगदी थोडा. जवळजवळ सगळं पत्र समुद्रानं व्यापलंय. आणि तो समुद्र काय बारकाईनं पाहिलाय! पूर्व-पश्चिम दिशेनं जाताना आकाशात स्थिर खूण नसते, म्हणून खलाशांची होणारी अडचण ते समजावून सांगतात. हिरड्या सुजवणारा आजार, वाटेत मेलेली माणसं, शार्क आणि तिच्या सोबतीनं फिरणारे छोटे मासे, सगळं येतं. किनारा जवळ आल्याच्या खुणाही क्रमानं येतात: आधी पक्षी, मग तरंगत आलेल्या झावळ्या, मग पाण्यावर पोहणारे साप.

आणि गोव्यात पाऊल ठेवल्यावर? आपलं स्वागत मोठ्या मायेनं झालं, लोक सावळे आहेत, सामान्य माणसं कमरेला वीतभर वस्त्र लावतात, प्यायला पाणी चांगलं, माडाची दारूही मिळते. संपलं. बाकीचं पुढच्या पत्रात. सतरा दिवसांत एकही स्थानिक माणूस पत्रात बोलत नाही.

याला वर्णनशक्तीचा दोष म्हणता येणार नाही, ती तर समुद्रावर सिद्ध झालीय. आम्हाला कारण वेगळं वाटतं. जहाजावर विचारायला माणसं होती, त्यांच्याशी बोलता येत होतं. शहरात डोळे उघडे होते, पण कानांना काही कळत नव्हतं. मग माणसाचा रंग दिसतो, कपडा दिसतो, त्यापलीकडे काही नाही. उघड्या अंगांबद्दलचं ते वाक्य आज आपल्याला टोचतं, आणि टोचायलाच हवं. ‘आपला’ कवी म्हणून ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

चार वर्षांनी, १५८३मध्ये, भावाला लिहिलेल्या पत्रात हेच स्टीफन्स इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी जुळते असं सांगतात. म्हणजे मधल्या काळात कान उघडले. पुढे सुमारे अकरा हजार ओव्यांचं पुराण १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. गोव्यात उतरल्याला तोवर सदतीस वर्षं झाली होती.

पण इथंही सावध राहायला हवं. भाषा आपलीशी झाली, तरी हेतू बदलला नाही. १५६०पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं. धर्मांतरितांची जुनी पुराणं बंद झाली होती आणि त्या रिकाम्या जागी हे नवं पुराण बसवायचं होतं. ओवीची गोडी खरी, आणि ती ज्या कामाला लावली तेही खरं. आपली टीका बहुधा यातली एकच बाजू उचलते: कुणी नुसतं कौतुक करतं, कुणी नुसता रोष.

म्हणून आमचं सुचवणं इतकंच की, ‘क्रिस्तपुराण’ उघडण्याआधी हे पत्र वाचावं. म्हणजे मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्या ओव्या प्रथमदर्शनी प्रेमाचा उद्गार वाटणार नाहीत. ज्याला सुरुवातीला इथलं काहीच ऐकू आलं नव्हतं, अशा माणसानं वर्षानुवर्षं ऐकून त्या लिहिल्या आहेत, हे लक्षात राहील. पुढच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष पुराणाकडे वळू.