पोक्त पोरांच्या तोंडचे शब्द

वयापेक्षा मोठं बोलणाऱ्या मुलाला आपण कधी 'आगाऊ' म्हणतो, कधी 'पोक्त'. पहिल्या शब्दात दटावणी आहे, दुसऱ्यात कणव. कारण मूल अकाली पोक्त होतं ते बहुधा घरात काहीतरी ढासळलेलं असतं म्हणून. मालिकांना आगाऊ मूल फार सोपं जातं. आजीबाईचं वाक्य सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी घातलं की हशा ठरलेला. ते वाक्य तिला सुचलं कुठून, हे मात्र लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मला या हशाचा मनापासून राग येतो.

परेश मोकाशींच्या 'एलिझाबेथ एकादशी'त (२०१४) मुलाचे शब्द कुठून येतात ते ठाऊक आहे. पंढरपूरचा ज्ञानेश न्यूटनला संतांच्या पंगतीत बसवतो. वडील गेलेले, त्यांनी बनवलेली सायकल मागे उरली आहे आणि विज्ञानाची गोडीही. कीर्तन तर त्या गावच्या हवेतच आहे. म्हणून त्याची हुशारी वरून चिकटवलेली वाटत नाही. आईचं विणायचं यंत्र कर्जापायी जातं आणि मुलं एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. मधुगंधा कुलकर्णी यांचं लेखन इथे फार जपून चालतं: पोरं व्यवहार करतात, पण रुसतात, भांडतात, पोरंच राहतात.

पार्थ भालेरावने लहानपणी केलेल्या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात. 'भूतनाथ रिटर्न्स'मधला (२०१४) धारावीचा अखरोट भुतालाही तोडीस तोड उत्तर देतो. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'तला बंड्याही बडबड्याच. पार्थचं काम दोन्हीकडे पक्कं आहे. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या दोन्ही भूमिकांचा मिळून विशेष उल्लेख झाला. तरी मनात राहतो तो बंड्या. अखरोटला उत्तर नाही असा प्रश्न पटकथा त्याच्यापुढे येऊच देत नाही. बंड्यापुढे मात्र वडील गमावलेला, आईच्या बदलीमुळे कोकणात येऊन पडलेला चिन्मय आहे. भर पावसात किल्ल्यावर एकटा राहिलेला हा मित्र अबोला धरतो, तेव्हा बंड्याची सगळी वटवट उघडी पडते. एवढ्या बोलक्या मुलाला शब्द अपुरे पडताना पाहणं, हे मराठी सिनेमाने मला दिलेलं मोठं देणं आहे.

'श्यामची आई'तल्या (१९५३) श्यामचं शहाणपण आईच्या शिकवणुकीतून येतं, 'नाळ'मधल्या (२०१८) चैत्याचं कानावर पडलेल्या एका गुपितातून. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तल्या (२०१३) जब्याला जात कुणी समजावून दिलेली दिसत नाही, तरी त्याला ती पुरती कळते. त्यावर तो एकही भाषण करत नाही. मनातून आवडणाऱ्या शालूच्या नजरेला पडू नये म्हणून तो आडोसा शोधतो, यातच त्याचं सगळं कळणं आहे. घरचे डुकरामागे धावत असतात, शाळेची पोरं हसत असतात. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थांबतो, मग घरचेही थांबतात, आणि डुक्कर त्यांच्यासमोरून निघून जातं.