लोकनायक अणे यांच्या चरित्राची विभागणी : एक आक्षेप

लोकनायक माधव श्रीहरि अणे (१८८०–१९६८) यांचें चरित्र सांगतांना त्याचे दोन तुकडे करण्याची प्रथा पडली आहे. पहिल्यांत टिळकांचा अनुयायी, यवतमाळचा वकील व १९३० च्या जंगल सत्याग्रहाचा पुढारी येतो. दुसऱ्यांत वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरणारा वृद्ध. पहिल्याचा गौरव करावयाचा आणि दुसरा वार्धक्याचा हट्ट म्हणून बाजूस सारावयाचा! ही विभागणी पुराव्यास धरून नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम साधनांचा विचार करूं. अण्यांचें संस्कृत टिळकचरित्र ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालें व १९७३ सालीं साहित्य अकादेमीच्या पुरस्कारास पात्र ठरलें. चरित्रकार त्याचा उल्लेख गुरुभक्तीचें निदर्शक म्हणून करतात आणि पुढें जातात. यशाच्या अर्णवांत अपयशास ठाव मिळणें कठीण. म्हणून टिळकांविषयींचें साधन या नात्यानें तो ग्रंथ पत्रें व समकालीन वृत्तपत्रें यांशीं ताडूनच घेतला पाहिजे. परंतु कर्त्याच्या मनाचें साधन म्हणून त्याचें मोल मोठें आहे. टिळकमताची पकड अखेरपर्यंत सुटली नव्हती, हें त्यावरून निश्चित होतें.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे मधल्या विसंगतीही उलगडतात. टिळकांनीं १९१९ सालीं अमृतसर येथें प्रतियोगी सहकारितेचा पक्ष मांडला. पुढें अणे त्याच नांवाच्या पक्षांत होते. १९४१ सालीं त्यांनीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत जागा स्वीकारली, आणि फेब्रुवारी १९४३ मध्यें गांधीजींच्या उपोषणाच्या प्रसंगीं ती सोडली. स्वीकार व त्याग हीं एकाच सूत्राचीं दोन टोंकें होत. अर्थात् उपपत्ति म्हणजे समर्थन नव्हे. वैयक्तिक सत्याग्रहांत सहकारी तुरुंगांत जात असतां घेतलेल्या पदाचा जाब चरित्रकारानें विचारलाच पाहिजे.

आतां विदर्भाचा प्रश्न. बिहारचें राज्यपालपद (१९४८–५२) संपल्यावर अण्यांस प्रांताभिमान सुचला, हें म्हणणें टिकत नाहीं. १९२० नंतरच्या काँग्रेसच्या भाषावार रचनेंतही महाराष्ट्र, वऱ्हाड व मराठी मध्यप्रांत यांच्या प्रांतिक समित्या निरनिराळ्या होत्या, आणि वऱ्हाडच्या समितीचे अध्यक्ष कांहीं वर्षें अणेच होते. एक भाषा असूनही प्रांत एकाहून अधिक असूं शकतात, हा त्यांचा जुनाच अनुभव होय. राज्यपुनर्रचना आयोगानेंही १९५५ सालीं आमच्या भंडाऱ्यासह आठ जिल्ह्यांच्या विदर्भाची शिफारस केली होती. १९५९ व १९६२ सालीं नागपूरनें अण्यांस लोकसभेंत पाठविलें. तथापि एका मतदारसंघाचा कौल म्हणजे आठ जिल्ह्यांचा कौल नव्हे. आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, तेव्हां निर्णय त्यांच्या विरुद्धच लागला.

हा पराभव चरित्रांत स्वच्छ लिहिला पाहिजे. पराभूत पक्षाचें म्हणणें न ऐकतां दिलेला निवाडा कोणताही वकील मान्य करणार नाहीं. इतिहासकारानें तरी तो कां करावा? आमच्या जिल्ह्यांतील जुन्या घरांत त्या काळचीं पत्रें व पत्रकें असतील, तीं वाळवीच्या मुखीं जाण्यापूर्वीं मंडळाच्या सभासदांनीं मिळवावीं, एवढीच विनंति आहे.

— एक निवृत्त शिक्षक, जवाहरनगर (जि. भंडारा)