हप्त्याची गोष्ट कुणी लिहायची?

मराठी साहित्यात घर बहुतेक वेळा दोनदाच येतं. एकदा ते नसतं तेव्हा, आणि एकदा ते पडायला येतं तेव्हा. नसलेल्या घराच्या गोष्टीत चाळ असते, बिऱ्हाड असतं, पागडी असते, नातेवाइकांच्या खोलीतला एक कोपरा असतो. पडायला आलेल्या घराच्या गोष्टीत वाडा असतो, ओसरी असते, भावाभावांची वाटणी असते. या दोन गोष्टींच्या मधली वीसेक वर्षं मात्र कोरी राहतात. त्या वर्षांत घर असतं, दारावर आपल्या नावाची पाटी असते आणि घराचे मूळ कागद बँकेच्या तिजोरीत असतात. महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता जातो आणि उरलेल्या पैशांत घर चालतं. आज तालुक्याच्या गावातल्याही कितीतरी कुटुंबांचा संसार नेमका याच काळात घडतो आहे. मी येवल्यात राहते, आमच्याही घराचा हप्ता चालू आहे. म्हणून वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो: आमच्या या वर्षांची गोष्ट कुठे आहे?

कर्ज आपल्या साहित्याला नवीन नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या ताब्यातल्या कर्जखतांवर होता. ती त्यांनी जाळली. पुढे महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची मीमांसा केली. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरच्या या चित्रपटात जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडून शहरात मजूर होतो. या सगळ्यांत कर्जाला एक चेहरा आहे. सावकार ओटीवर बसलेला असतो, त्याच्या हाती चोपडी असते, तिच्यात खोटे आकडे असतात. त्याचा राग येतो, त्याचं खत जाळता येतं. गोष्टीला लागणारं सगळं तिथे आहे.

गृहकर्जात यातलं काहीच नाही. कर्ज मंजूर झालं की आपण पेढे वाटतो. आकडे खरे असतात, छापील असतात, आपण त्यांवर पानोपान सह्या केलेल्या असतात. फसवणूक नाही, खलनायक नाही, जाळायला खत नाही. कथाकाराला लागणारा प्रसंगच इथे घडत नाही. उलट काही न घडणं हेच इथलं यश असतं. नोकरी गेली नाही, कुणी मोठं आजारी पडलं नाही, हप्ता चुकला नाही, की महिना चांगला गेला. अशा महिन्यांच्या दोनशे चाळीस ओळींतून गोष्ट कशी काढायची?

ती निघते, असं मला वाटतं. त्यासाठी कर्जाबरोबर मिळणारं परतफेडीचं कोष्टक नीट वाचायला हवं. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत धरू. हप्ता बसतो साधारण ८,९९७ रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं १,४९७ रुपये. दहा वर्षं, म्हणजे निम्मी मुदत, इमानेइतबारे भरल्यावरही ७ लाख १० हजारांच्या आसपास मुद्दल शिल्लक असतं. निम्मं मुद्दल फिटायला चौदा वर्षं लागतात. ज्या वर्षी मूल पहिलीत जातं त्या वर्षी कर्ज घेतलं, तर त्याची शाळा संपून कॉलेज सुरू होतं तेव्हाही घर निम्म्याहून जास्त बँकेचंच असतं. एका माणसाचं सबंध बालपण या कोष्टकाच्या वरच्या भागात बसतं.

याच कोष्टकात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. वर्षाला एक हप्ता जादा भरला, तर हे वीस वर्षांचं कर्ज तीन-साडेतीन वर्षं आधी फिटतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड बँकांनी घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच सांगितलं आहे. तेव्हा हा रस्ता मोकळा आहे. वर्षाला एक हप्ता म्हणजे महिन्याला साडेसातशे, दिवसाला पंचवीस रुपये. रिक्षा न करता चालत जाणं, बाहेरचा चहा-वडा टाळणं, मुलाला सहलीला न पाठवणं. इथे गोष्टीला लागणारा ताण आहे. दर दिवशी पंचवीस रुपयांचा एक निर्णय घ्यायचा असतो, आणि तो कुणाच्या ताटातून, कुणाच्या पायातून, कुणाच्या हौसेतून काढायचा, हे कुणीतरी ठरवत असतं.

चाळीच्या साहित्यातली काटकसर या काटकसरीपेक्षा वेगळी आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ‘बटाट्याची चाळ’ आपण वाचतो तेव्हा त्या माणसांची ओढाताण दिसते, पण तिला मुदत नाही. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं चाळीतलं भाडं गोठलं होतं. पगार तोकडा, भाडं थोडं, जागा त्याहून थोडी, आणि हे असंच चालणार हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे त्या टंचाईवर हसता येत होतं. पु. ल. देशपांड्यांचा विनोद त्या ‘असंच चालणार’वर उभा आहे. हप्त्याच्या घरात काटकसरीला तारीख मिळते. अमुक साली अमुक महिन्यात शेवटचा हप्ता. तारीख मिळाली की सवयीची योजना होते आणि घरात ‘फिटलं की मग’ हे वाक्य मुक्कामाला येतं. फिटलं की मग फ्रिज बदलू. फिटलं की मग आईचे गुडघे दाखवू. चाळीतल्या माणसाला वर्तमानकाळ तरी होता. हप्त्याच्या घरातला माणूस सगळं भविष्यकाळात जगतो.

चित्रपटांनी या उंबऱ्यापर्यंत आपल्याला आणलं आणि तिथेच सोडलं. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’मध्ये (१९७०) भरल्या घरात नवविवाहितांना एकांत मिळत नाही. बासू चटर्जींनी त्यावरून ‘पिया का घर’ केला. ‘घरौंदा’ १९७७ चा. भीमसेन यांच्या या हिंदी चित्रपटात अमोल पालेकर आणि झरीना वहाब हे कारकुनी करणारं जोडपं पैपै साठवून फ्लॅटसाठी भरतं, बिल्डर बुडवतो, आणि मग तो तिला श्रीमंत, आजारी मालकाशी लग्न करायला सुचवतो. श्रीराम लागूंचा तो मालक विसरता येत नाही. याच १९७७ मध्ये एचडीएफसीची स्थापना झाली. घरासाठी पगारदारानं दीर्घ मुदतीचं कर्ज काढावं, ही कल्पना आपल्याकडे रुजायला त्यानंतर सुरुवात झाली. ‘घरौंदा’तलं जोडपं दहा-पंधरा वर्षं उशिरा जन्माला आलं असतं तर त्यांना कदाचित कर्ज मिळालं असतं आणि तो चित्रपट झालाच नसता. त्याऐवजी जे झालं असतं, ते कुणी काढलं नाही.

काटकसरीवर मराठीत लिहिलेलं मात्र पुष्कळ आहे. आत्मचरित्रं, आईवरचे लेख, दिवाळी अंकांतल्या आठवणी. ‘आईनं दोन लुगड्यांत वर्ष काढलं पण आम्हाला काही कमी पडू दिलं नाही’ या सुराचे. या लेखनाबद्दल माझा मुख्य आक्षेप असा, की ते सगळं कर्ज फिटल्यानंतर लिहिलेलं असतं. लिहिणारा आता सुस्थितीत असतो, घर झालेलं असतं, आई बहुधा गेलेली असते. फिटल्यावर आठवलेली काटकसर गोड लागते. तिच्यातला चिडचिडेपणा, चोरून ठेवलेले पैसे, नवरा-बायकोमधला अबोला, ‘तुझ्या माहेरच्यांना अहेर कशाला’ हे सगळं गाळून निघतं आणि खाली ‘संस्कार’ नावाचा अर्क उरतो. ज्या बाईनं ती वर्षं काढली, तिला तो अर्क नको होता, लुगडं हवं होतं, ही शक्यता त्या लेखात शिरत नाही.

याला एक मोठा अपवाद आपल्याच जिल्ह्यातला आहे. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. नवरा कवी, हात सढळ, घरात आलेलं बाहेर जाणार हे ठरलेलं, बिऱ्हाडं एकामागून एक बदललेली. लक्ष्मीबाईही म्हातारपणी मागे वळून लिहीत होत्या. पण त्यांनी आपला वैताग गाळला नाही. त्या नवऱ्यावर हसतात, रागावतात, त्याच्यावर जीव टाकतात आणि घरात पैसा नसल्याचा हिशोबही मांडतात, बऱ्याचदा एकाच परिच्छेदात. टंचाईतून त्या थोर झाल्या असं त्यांना दाखवायचं नाही. म्हणून त्यांचं पुस्तक नव्वद वर्षांनीही ताजं वाटतं. काटकसरीवर लिहायचं तर हा सूर पाहिजे: तक्रार न लपवणारा, आणि तक्रारीचंच दुकान न मांडणारा.

दुसरा नमुना महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चा (१९८५). हे नाटक आपण पडत्या वाड्याचं, सरंजामी घराच्या अखेरीचं म्हणून वाचतो. मला ते घरातल्या हिशोबाचं नाटकही वाटतं. तात्याजींच्या तेराव्याचा खर्च कुठून करायचा, अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरचं काय, दागिने कुणाच्या ताब्यात, हे प्रश्न तिथे प्रत्येक संवादाच्या खाली वाहत असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराच्या इभ्रतीची किंमत कोण मोजतं हे एलकुंचवार नेमकं दाखवतात: शिक्षण थांबवलेली प्रभा, आणि घरचा असून गड्यासारखा राबणारा चंदू. घर एकत्र असतं, झळ मात्र सारखी वाटली जात नाही. हप्त्याच्या घराला हीच नजर लावली तर? तिथेही एक प्रभा असते. तिच्या क्लासची फी पुढच्या वर्षावर ढकललेली असते, कारण भावाची याच वर्षी भरायची असते.

येवल्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथे विणकराचं घर म्हणजे कारखानाच. माग घरातच असतो, बऱ्याच घरांत पुढच्या खोलीत. घर बांधायचं तर आधी मागाची जागा धरावी लागते, मग माणसांची. कांड्या भरायला घरातल्या बाया-पोरं असतात. साधी पैठणी काही दिवसांत उतरते, भरजरी पदराची असेल तर महिनेही जातात. म्हणजे कमाई येते साडी उतरल्यावर, आणि हप्ता येतो महिन्याच्या तारखेला. पगारदाराच्या घरात या दोन तारखा जुळतात, विणकराच्या घरात जुळतीलच असं नाही. मधले दिवस उसनवारीवर, दुकानदाराच्या उचलीवर निघतात. पैठणीवर मराठीत भरभरून प्रेम केलं गेलं आहे. शांता शेळक्यांची आजीच्या पैठणीवरची कविता सगळ्यांना माहीत आहे. शंतनू रोडे यांच्या ‘गोष्ट एका पैठणीची’ला २०२० चा सर्वोत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साड्यांना फॉल लावून चार पैसे मिळवणाऱ्या सामान्य घरातल्या बाईचं पैठणीचं स्वप्न त्यात आहे आणि ते मनाला भिडतं. पण हे दोन्ही नेसणाऱ्या बाईच्या बाजूनं पाहिलेलं आहे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला आपल्या घराचा हप्ता साडीच्या किती इंचांवर पडतो, हा हिशोब अजून आपल्या साहित्यात यायचा आहे.

आणि एक प्रश्न नावाचा. पंचवीस-पंचवीस रुपये ज्या हातांनी वाचवले त्या हातांचं नाव कागदावर असतं का? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं होतं, तेव्हापासून हा प्रश्न सार्वजनिक आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं घर बाईच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. त्यानंतर मी आजूबाजूला पाहते, तर काही घरांत बायकोचं नाव खरेदीखतावर आलं आहे. ते मायेनं आलं की एक टक्का वाचला म्हणून, हे घरोघरचं गुपित. मला तरी यात एक उत्तम कथा दिसते: आयुष्यभर काटकसर करणाऱ्या बाईला घराची मालकीसुद्धा काटकसरीपायी मिळते.

म्हणून यापुढे काटकसरीचं गुणगान वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात असं मी सुचवेन. हे लिहिलं केव्हा, फिटण्याआधी की नंतर? कमी वाढलेलं ताट कुणाचं होतं? आणि घर कुणाच्या नावावर झालं? इथे येवल्यात हातमागाची पैठणी पारखताना काठ-पदर उलटून पाहतात. अस्सल असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ निघते. आपल्या काटकसरीच्या साहित्याचा पदर अजून फारसा कुणी उलटून पाहिलेला नाही. कोष्टकातले महिने पुढे सरकताहेत, कितीतरी घरांत आज रात्री कुणीतरी वहीत दुधाचा, गॅसचा, क्लासचा आकडा लिहीत असेल. त्या वहीच्या समासात, आठवण होण्याआधीच, दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या गेल्या तर ही गोष्ट सुरू होईल.