यंदा कोण चमकणार?

ज्योतिषी, हवामान खातं आणि क्रिकेटचे जाणकार या तिघांपैकी मला शेवटच्या जमातीबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो. ज्योतिषाला निदान जन्मवेळ लागते, हवामान खात्याला उपग्रह लागतो. जाणकाराला मोसम सुरू व्हायच्या आधीचा एक आठवडा पुरतो. तो आठवडा उजाडला, की वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर एक चौकट अवतरते. मथळा ठरलेला : ‘यंदा यांच्यावर लक्ष ठेवा!’ खाली पाच तरुण चेहरे, आणि पाचही जण यंदा चमकणार. माझ्या लहानपणी हे चेहरे रणजीच्या आधी यायचे. पुढे आयपीएल आली, २०१४ पासून प्रो कबड्डी आली, आणि जाणकारांना खरिपाच्या जोडीला रब्बीही मिळू लागली.

आता तुम्ही म्हणाल, हा बँकेतला कारकून, बी.कॉम. सेकंड क्लास, याला असल्या भविष्यावर बोलायचा अधिकार कुणी दिला? तर सांगतो. भविष्य हाच आमचा धंदा आहे. कर्जाच्या टेबलावर मी सात वर्षं काढली आहेत. कर्ज मागायला येणारा माणूस तीन वर्षांचा अंदाजित ताळेबंद बरोबर आणतो. पहिल्या वर्षी विक्री थोडी वाढते, दुसऱ्या वर्षी बरी वाढते आणि तिसऱ्या वर्षी माणूस एकदम चमकतो. चादरीचा कारखाना असो, डाळिंबाची बाग असो की सात रस्त्यावरचं ज्यूसचं दुकान असो, तिसऱ्या वर्षी न चमकणारा एकही ताळेबंद माझ्या टेबलावरून गेलेला नाही. पण आमच्याकडे पुढे कधीतरी ऑडिटर येतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि ‘हे कुणी मंजूर केलं?’ असं शांतपणे विचारतो. ‘लक्ष ठेवा’वाल्यांकडे ऑडिटर येत नाही. मोसम संपल्यावर त्याच पानावर, तेवढ्याच चौकटीत, ‘आम्ही सांगितलेल्या पाचांचं काय झालं’ असा मजकूर तुम्ही कधी वाचलाय? मी तरी नाही. माझी या वाङ्मयप्रकाराबद्दलची पहिली तक्रार तीच आहे.

आणि भाकिताच्या बाबतीत आम्हा सोलापूरकरांना कुणी शिकवायला जाऊ नये. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, गड्डा भरतो, आणि होमविधीनंतर रात्री वासराची भाकणूक होते. देशमुखांकडचं मानाचं वासरू दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे धान्य, गूळ, खोबरं, विड्याची पानं असे जिन्नस मांडतात. ते कशाला तोंड लावतं, कशाला नाही, बिचकतं की शांत राहतं, यावरून वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात त्याची चर्चा. मी पाहिलेल्या सर्व भाकितांत मला ही पद्धत सर्वांत सभ्य वाटत आली आहे. एक तर वासरू उपाशी असतं, त्यामुळे त्याच्या मताला काही किंमत असते. दुसरं म्हणजे ते जे काय करायचं ते हजारो लोकांसमक्ष करतं. आणि पाऊस हुकला, तर तेच वासरू जूनमध्ये टीव्हीवर येऊन ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ असं सांगत नाही.

जाणकारांची भाषा एकदा बारकाईनं वाचून बघा. ‘गुणवत्ता ठासून भरलेली’, ‘मोठे फटके मारण्याची क्षमता’, ‘डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सहज खेळतो’, आणि शेवटी, बारीक आवाजात, ‘संधी मिळाल्यास’. या दोन शब्दांत सगळी मख्खी आहे. विम्याच्या कागदावर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापतात ना, तशा अटींचा हा क्रिकेटमधला अवतार. संधी मिळाल्यास मीसुद्धा रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर होईन. नोटांवर सही कशी करायची, तेही ठरवून ठेवलं आहे.

गंमत अशी, की ही मंडळी ज्याला तळटीप समजतात, तोच खरा मजकूर असतो. पोराच्या मनगटात काय आहे हे सांगणारे शंभर भेटतील. त्याच्या पुढची जागा कधी रिकामी होणार, हे बघणारा एखादाच. पुण्याचा ऋतुराज गायकवाड घ्या. २०२० साली आयपीएल अमिरातीत झाली. त्याला आधी करोना झाला, मग पहिल्या तीन डावांत धावा झाल्या शून्य, पाच आणि शून्य. कॅप्टन साक्षात धोनी, आणि त्यालाही तेव्हा आपल्या तरुण पोरांत ठिणगी दिसत नव्हती. तसं तो बोललाही. पण चेन्नईचा संघ तोपर्यंत स्पर्धेतून बाद होत आला होता. हरायचंच आहे तर पोराला खेळवू, अशी वेळ आली, आणि गड्यानं पाठोपाठ तीन अर्धशतकं ठोकली. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, ६३५ धावा काढून ऑरेंज कॅप घेऊन गेला. मनगट २०२० च्या सप्टेंबरातही तेच होतं. बदलली होती ती पॉइंट टेबलवरची परिस्थिती, आणि ती चौकटीत फोटो लावून छापता येत नाही.

साहेबाच्या आणि अमेरिकेच्या देशात हे शास्त्र फार पुढे गेलंय, असं आमचे हेडकॅशियर सांगतात. त्यांचा मुलगा तिकडे असतो, त्यामुळे त्यांना मधूनमधून बास्केटबॉल होतो. तिथे कॉलेजची पोरं संघांना वाटून देतात, अगदी नंबर लावून. १९८४ साली पोर्टलँडच्या संघाचा दुसरा नंबर होता. त्यांनी सॅम बोवी नावाचा उंच गडी उचलला. तिसऱ्या नंबरावर शिकागोला उरलासुरला मिळाला, त्याचं नाव मायकेल जॉर्डन. आता पोर्टलँडवाले काही वेडे नव्हते. जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्याकडे आदल्याच वर्षी आला होता, त्यांना हवा होता उंच माणूस. घरात दोन कपाटं असताना तिसरं कोण घेणार? फक्त या कपाटानं पुढे सहा अजिंक्यपदं मिळवली. २०१४ साली तर निकोला योकिच हा सर्बियन पोरगा एक्केचाळिसाव्या नंबरावर गेला. त्याचं नाव जाहीर होत होतं तेव्हा टीव्हीवर एका खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती! पुढे हाच तीनदा तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या लीगमध्ये १९८५-८६ पासून ‘सर्वांत जास्त सुधारलेला खेळाडू’ म्हणून एक बक्षीस देतात. ज्याच्याबद्दल आपला अंदाज सगळ्यात जोरात चुकला, त्याला जाणकारांनी आपल्याच हातानं चषक द्यायचा! इतका प्रामाणिक समारंभ आपल्याकडे कुणी सुरू करील, असं वाटत नाही.

आपल्याकडे त्याऐवजी लिलाव असतो. लिलाव म्हटलं, की आम्हा बँकवाल्यांच्या पोटात गोळा येतो, कारण आमच्याकडे कर्ज बुडालं की मग लिलाव होतो. क्रिकेटमध्ये लिलाव आधी होतो. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाला झालेल्या लिलावात कोलकात्यानं वेंकटेश अय्यरला २३ कोटी ७५ लाखांना घेतलं. २०२५ च्या मोसमात त्याच्या धावा झाल्या १४२. मी भागाकार केला, सवयच आहे : एका धावेला जवळजवळ पावणेसतरा लाख. त्याच लिलावात वैभव सूर्यवंशी नावाचं तेरा वर्षांचं पोर राजस्थानला १ कोटी १० लाखांत मिळालं. एप्रिलमध्ये त्यानं ३५ चेंडूंत शतक काढलं. तेव्हा त्याला चौदावं लागून महिना झाला होता. माझा मुलगा त्या वयात चप्पल कुठे काढली ते विसरायचा.

इथवर हसण्यासारखं आहे. पण अमोल मुजुमदारची गोष्ट आली, की मला हसू येत नाही. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळीनं शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता तो हा. बसूनच राहिला. १९९३-९४ च्या मोसमात मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात हरियाणाविरुद्ध त्यानं २६० केल्या. पदार्पणातला तेव्हाचा तो जागतिक विक्रम. मग काय, चौकटीत दुसरा तेंडुलकर! जाणकारांनी एका सुरात सांगितलं, की हा भारताकडून खेळणार. त्यानं त्यांच्या शब्दासाठी वीस वर्षं धावा काढल्या, अकरा हजारांच्या वर, मुंबईकडून, मग आसामकडून, मग आंध्रकडून. भारताची कॅप काही मिळाली नाही. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण बसले होते. बस भरलेली असली की कंडक्टर पुढच्या माणसाची गुणवत्ता तपासत नाही. याला भाकीत चुकलं म्हणायचं? मी म्हणेन, भाकीत करणाऱ्यांनी पोराकडे बघितलं, बसकडे बघितलंच नाही.

भाऊसाहेब निंबाळकरांचं तर त्याहून अजब. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला! कसोटी सामना त्यांच्या वाट्याला एकही आला नाही. नऊ धावांसाठी मैदान सोडणाऱ्या संघाचा अंदाज कुठला जाणकार करणार?

मुजुमदारच्या गोष्टीला मात्र पुढचं पान निघालं. २०२३ साली तो भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक घेतला. त्या सामन्यात चमकली कोण? शफाली वर्मा. ८७ धावा आणि दोन विकेट. स्पर्धेआधीच्या चौकटीत तिचा फोटो असणं शक्यच नव्हतं, कारण ती मुळात संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली, जागा रिकामी झाली, हिला बोलावणं गेलं. पॅड बांधून बसणं म्हणजे काय असतं, हे त्या ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षकाइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता घरचं. पॉली उम्रीगर लहानपणी सोलापुरात वाढले, हे आम्ही पाहुण्याला शेंगाची चटणी वाढतानाच सांगून टाकतो. त्यानंतर बरीच वर्षं सांगायला काही नव्हतं. मग अर्शिन कुलकर्णी आला. २०२३ च्या एमपीएलमध्ये नाशिककडून ५४ चेंडूंत ११७, त्यात तेरा सिक्सर. डिसेंबरात लखनऊनं वीस लाखांना घेतला, जानेवारीत एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध शतक. पार्क मैदानाबाहेरच्या चहावाल्यानं तर त्याला थेट भारताच्या संघात घालून टाकलं होतं. २०२४ च्या ३० एप्रिलला तो आयपीएलमध्ये मुंबईविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच चेंडूवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी तोच चहावाला : “मला वाटलंच होतं ओ साहेब.” एकोणीस वर्षांचा मुलगा, एक चेंडू, आणि गाव दोन्ही बाजूंनी निकाल देऊन मोकळं! पुढच्या लिलावात लखनऊनं त्याला पुन्हा घेतलं, तीस लाखांना. म्हणजे ज्यांचे पैसे गुंतले होते, त्यांनी तो एक चेंडू हिशेबात धरला नाही. चहावाल्याचा धंदा रोखीचा, त्याला थांबायची सवय नाही.

अर्शिनपासून गल्लोगल्ली पालक जागे झालेत. गेल्या पंधरवड्यात एक यंत्रमागवाले काउंटरवर आले. एफडी मोडायची होती, तीन लाखांची. चौदा वर्षांच्या मुलाला पुण्याच्या अकादमीत घालायचं म्हणाले. मी क्रिकेटवर काहीबाही लिहितो, हे त्यांना कुठून तरी कळलेलं.

“साहेब, तुम्ही जाणकार. पोरगं चमकंल का ओ?”

मागे रांग होती. एफडी मोडली तर व्याज कमी पडेल, त्यापेक्षा तिच्यावर कर्ज घ्या, हे मी सांगितलं. ते माझ्या कामातलं होतं. मग विचारलं, “कितव्या नंबरला खेळतो?”

“सातव्या.”

“तिसऱ्या-चौथ्याला कधी पाठवलंय?”

“नाय ओ. तिथं दुसरी पोरं ठरलेली हायत.”

“रविवारी किती केल्या?”

“बारा,” ते म्हणाले. मग पासबुक खिशात घालता घालता थांबले. “नाबाद हं. ओव्हरच संपल्या.”

मी त्यांना एफडीवरच्या कर्जाचा फॉर्म दिला आणि त्या अकादमीत चौदा वर्षांची पोरं एकूण किती आहेत, त्यातली किती वरच्या नंबरला खेळतात, हे पैसे भरायच्या आधी विचारून यायला सांगितलं. ते अजून आलेले नाहीत. फॉर्म मात्र घेऊन गेलेत.