माळावरचं घराणं

आमच्या गावाच्या नावातच एक धंदा आहे. नुसतं देवगाव म्हटलं की समोरचा विचारतो, कुठलं देवगाव? मग आपण ‘रंगारी’ जोडतो आणि कन्नड तालुका डोळ्यांसमोर उभा राहतो. लहानपणापासून हा शब्द इतक्या वेळा तोंडातून गेला की त्यात माणसं आहेत, कापड रंगवणारे हात आहेत, हे कधी जाणवलंच नाही. ते जाणवलं एका परमुलखातल्या घराण्याची कथा वाचताना. शं. वा. ऊर्फ शंकरराव किर्लोस्करांनी आपल्या काकांचं, लक्ष्मणराव किर्लोस्करांचं, चरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘यांत्रिकाची यात्रा’.

पुस्तक उघडण्याआधी हे नावच मी बराच वेळ घोळवत राहतो. कारखानदाराचं चरित्र, लिहिणारा घरातला, तेव्हा ‘उद्योगमहर्षी’ किंवा ‘यशोगाथा’ असला शब्द सहज आला असता. शंकररावांनी निवडला ‘यांत्रिक’, म्हणजे साधा यंत्रावर काम करणारा माणूस. हात तेलकट असलेला. आणि त्याच्या शेजारी ठेवला ‘यात्रा’. कानाला हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण ते आले आहेत दोन वेगळ्या जगांतून. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. यात्रा हा त्यांच्या जगातला शब्द, यांत्रिक हा मुलाच्या. बाप आणि मुलगा यांच्यामधलं सगळं अंतर पुतण्याने दोन शब्दांत मांडलं, आणि ते अंतर तुटू दिलं नाही. मला या नावाचं सर्वांत मोठं सौंदर्य यात दिसतं. यात्रेला निघालेला माणूस घर सोडतो, पण घरच्यांचा आशीर्वाद घेऊन.

लक्ष्मणराव १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. ‘संगीत सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्करही तिथलेच. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे कळलं की काही रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. रंगांधळेपण. चित्रकलेचा रस्ता तिथेच बंद झाला. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, जिथे रंग लागत नाही, रेघ लागते. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले.

रंगारी हे नाव लावणाऱ्या गावात बसून हा प्रसंग वाचताना मी थांबतो. ज्याला रंग दिसला नाही त्या माणसाची कथा लिहिणारा पुतण्या चित्रकार होता. शंकररावांनी पंडित सातवळेकरांकडे चित्रकलेचे धडे घेतले होते. काकांच्या डोळ्यांतून जे निसटलं ते पुतण्याच्या हातात आलं, आणि त्या हाताने शेवटी काकांचंच चित्र काढलं. घराण्याचा वारसा असाही उतरतो. कुठल्याही वंशावळीच्या तक्त्यात ही रेघ दाखवता येत नाही.

आपल्याकडचा कुलवृत्तांत कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, मग शाखा, कुणाला किती मुलगे. किर्लोस्करांची कथा मांडायला हा साचा पुरत नाही. आडनाव बघा. मालवण तालुक्यातल्या किर्लोस गावावरून ते आलं. म्हणजे कधीतरी एका गावाने एका घराला नाव दिलं. पुढे १९१० साली याच घरातल्या माणसांनी कुंडलजवळच्या माळावर वस्ती केली, आणि कुंडल रोड स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी झालं. गावाकडून मिळालेलं नाव घराण्याने दुसऱ्या गावाला दिलं. कोकणातून घाट चढून, कर्नाटकाच्या सीमेवरून फिरून ते नाव आजच्या सांगली जिल्ह्यात जमिनीला टेकलं.

त्या माळाचं चित्र मला सर्वांत जास्त ओढून घेतं. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात झाली होती. कंपनी १८८८ हे आपलं आरंभाचं वर्ष मानते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. मग नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. त्या वेळी लक्ष्मणरावांच्या हाती औंधच्या यमाई मंदिराच्या सभामंडपाचं काम होतं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज देऊ केलं. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, हे कळल्यावर मला ते दृश्य आणखी खोल वाटू लागलं. परदेशी काट्यांनी व्यापलेल्या देशी माळावर पंचवीस कामगार आपली बायकापोरं घेऊन उतरले.

कोण होते हे लोक? इथे घराण्याची व्याख्याच पालटते. रामूअण्णा वसाहतीची घडी बसवणारे. शंभोराव जांभेकर इंजिनियर. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्रापुढे उभे राहिले की इंजिनियरच. आणि राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, ज्यांच्यावर पूर्वी दरोडेखोरीचा शिक्का होता. माळावरच्या सगळ्या चीजवस्तूंची राखण त्यांच्यावर सोपवली गेली आणि त्यांनी ती इमानाने केली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. १९१० सालातल्या महाराष्ट्रात हे किती अवघड होतं, ते खेड्यात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. आमच्या गावांत पाणवठे वेगळे होते, हे माझ्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या लेखी घराण्याच्या कथेतलं हे सर्वांत मोलाचं पान. मूळ पुरुषापासून सुरू होणारी यादी इथे एका मांगवाड्यातल्या माणसापर्यंत पोचते, आणि त्याला वगळलं तर वाडीची गोष्ट पुरी होत नाही. एक उणीव मात्र बोचते. माळावर चूल मांडणाऱ्या, नागांच्या वस्तीत लेकरं वाढवणाऱ्या बायकांची नावं या कथेत पुरुषांइतकी ठळक येत नाहीत. राधाबाई, लक्ष्मणरावांच्या पत्नी, त्यांच्याविषयी मला खूप काही वाचायचं आहे. शंकररावांनी १९३० साली याच वाडीतून ‘स्त्री’ मासिक काढलं, त्याअर्थी ही पोकळी त्यांच्याही नजरेत आली असावी, असं मी समजतो.

नांगराची हकीकत आमच्या भागातल्या वाचकाला घरची वाटेल. लोखंडी नांगर तयार झाला आणि दोन वर्षं विकला गेला नाही. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. याला अडाणीपणा म्हणून कुणी हसू नये. अमेरिकेत अठराव्या शतकाच्या शेवटी चार्ल्स न्यूबोल्डने बिडाचा नांगर काढला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनाही हेच भय वाटलं होतं. सात समुद्रांपलीकडे, शंभर वर्षं आधी, हीच शंका. ज्याचं सगळं पोट जमिनीवर आहे तो जमिनीच्या बाबतीत घाई करत नाही.

तिथलाच जॉन डीअर नावाचा लोहार १८३६ साली व्हरमाँट सोडून इलिनॉयच्या नव्या मुलखात गेला. तिथली माती काळी, चिकट. बिडाच्या नांगराला ती लदलद चिकटायची आणि शेतकऱ्याला पावलोपावली थांबून खरवडावी लागायची. डीअरने १८३७ साली मोडक्या करवतीच्या पात्यापासून गुळगुळीत पोलादी फाळ घडवला आणि माती आपसूक सुटू लागली. आमच्या काळ्या रानात वाफसा यायच्या आत नांगर घातला की काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला डीअरची करामत समजावून सांगायची गरज नाही. नव्या मुलखात पाय रोवणारे हे दोघे, एक लोहार आणि एक मास्तर, मला एकाच गोत्राचे वाटतात.

आमच्या गोठ्याच्या भिंतीला आजोबांचा लोखंडी नांगर अजून टेकवलेला आहे. त्याच्या रुमण्याची पकड गुळगुळीत झाली आहे, बोटं जिथे यायची तिथे लोखंडाला वेगळी झाक आहे. फाळाचं टोक झिजून बोथट झालंय. विहिरीच्या पाण्याचं बोलताना मोट, नाडा, सोंदूर हे शब्द आजोबांच्या तोंडी असायचे, वडिलांच्या तोंडी इंजिन आणि पंप आले. विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनाला त्यांच्या पिढीतले कितीतरी लोक ‘किर्लोस्कर’च म्हणायचे. आडनाव गावाला लागलं, मग यंत्राला लागलं.

याच घराण्यातून दोन आत्मकथाही आल्या. शंकररावांनी स्वतःची गोष्ट १९७४ साली लिहिली, ‘शंवाकीय’. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द, ज्यात ‘किर्लोस्कर’ एका ‘कि’पुरतं उरतं. आडनावाचा एवढा मोठा डोंगर पाठीशी असताना माणूस स्वतःसाठी एवढीच जागा मागतो. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, १९२६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्रविद्या शिकून बाहेर पडलेले, त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, ‘कॅक्टस अँड रोझेस’. पुन्हा तोच माळ. पुतण्याला त्या माळावर यात्रा दिसली, मुलाला निवडुंग आणि गुलाब. तिन्ही नावं शेजारी ठेवून वाचली तर मला पुतण्याने काकांच्या चरित्राला दिलेलं नाव उजवं वाटतं. गुलाब फुलले की चित्र पुरं होतं, यात्रा मात्र पुढच्या पिढीलाही चालायची असते.

ही पुस्तकं वाचल्यापासून मी गावात थोड्या वेगळ्या नजरेने हिंडतो. किर्लोस्करवाडीची गोष्ट टिकली, कारण त्या घरात एक लिहिणारा निघाला आणि त्याने राखणदाराचं नावसुद्धा गळू दिलं नाही. देवगावच्या ज्या रंगाऱ्यांनी गावाला नाव दिलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, त्याला रंगाच्या हंड्यांची, कापडाच्या गठ्ठ्यांची, बाजारहाटाची काही आठवण असेल, किंवा माळ्यावर एखादी जुनी वही पडली असेल, तर या दिवाळीच्या आत ते लिहून घ्या. माणसांची नावं आधी लिहा.