कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

शाळेतील पर्जन्यमापकाच्या तीन वर्षांच्या नोंदी घेऊन एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. पहिल्या वर्षाच्या नोंदी एक्सेलमध्ये होत्या, दुसऱ्याच्या सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, आणि तिसऱ्याच्या स्वयंचलित यंत्राने जेसन नावाच्या रचनेत साठवलेल्या. तिने पायथन भाषेतील 'पँडाज' वापरून तिन्ही एकत्र केल्या आणि महिनावार बेरजा काढल्या. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टची बेरीज आली शून्य. शाळा कोकणातली!

झाले होते असे, की त्या महिन्यात मापकाची बाटली फुटली होती आणि तारखांपुढचे रकाने कोरेच राहिले होते. कोकण होते म्हणून आम्ही चमकलो. हीच शाळा एखाद्या दुष्काळी तालुक्यात असती, तर तो आकडा आम्ही मुकाट्याने आलेखात घेतला असता.

पँडाज ही तयार आज्ञावल्यांची लायब्ररी वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये एका वित्तीय कंपनीत असताना लिहायला घेतली आणि 2009 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नावाचा प्राण्याशी संबंध नाही, ते 'पॅनेल डेटा' या संज्ञेवरून आले. फाइल कोणत्याही रचनेतली असो, एका ओळीच्या आज्ञेने तिचा सारखाच तक्ता हाती येतो. ही सोय मोठीच आहे. पूर्वी अशा जुळवाजुळवीत आमचे कित्येक दिवस जात.

मात्र सीएसव्ही फाइलीत कोणता स्तंभ संख्येचा आणि कोणता नावाचा हे कुठेच लिहिलेले नसते. पँडाज ते अंदाजाने ठरवते, तेही न बोलता. शाळांचा यूडायस क्रमांक पाहा. अकरा अंकी, पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे 27, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. उत्तर प्रदेशाचे 09, तेथील क्रमांक संख्या म्हणून वाचला गेला की आरंभीचे शून्य गळते आणि अकराचे दहा अंक उरतात. नामिबियाचे दोन अक्षरी संकेतनाम 'एनए' आहे. इंग्रजीत 'उपलब्ध नाही' याचे संक्षिप्त रूपही तेच, त्यामुळे पँडाज त्या देशालाच गैरहजर मांडते. स्तंभ मजकूर म्हणून वाच, असे आधी सांगितले की शून्य वाचते. नामिबियासाठी मात्र 'एनए'चा असा अर्थ लावू नको, हेही वेगळे सांगावे लागते.

आमची खरी तक्रार बेरजेविषयी आहे. 2017 च्या ऑक्टोबरातील आवृत्तीत, सर्व रकाने कोरे असलेल्या स्तंभाची बेरीज 'नोंद नाही' अशी येत असे. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील आवृत्तीत ती शून्य ठरवण्यात आली. गणिताच्या अंगाने याला आधार आहे. रिक्त संचाची बेरीज शून्यच, आणि हे गणिताचे शिक्षक आम्हाला लगेच सुनावतील. पण पाऊस मोजणाऱ्याचा संच रिक्त नव्हता. पाऊस पडला होता, मोजला गेला नव्हता. सरासरी मागितली असती तर याच लायब्ररीने 'नोंद नाही' असे प्रामाणिकपणे सांगितले असते. एकाच स्तंभाला दोन प्रश्न विचारले, तर एकाचे उत्तर 'ठाऊक नाही' आणि दुसऱ्याचे 'शून्य', ही विसंगती नवशिक्याने कशी ओळखावी?

उपाय आहे. बेरीज करताना किमान किती नोंदी हव्यात ते 'मिन_काउंट' या सूचनेने सांगता येते. 1 लिहिले की पूर्ण कोऱ्या महिन्याची बेरीज कोरीच येते. तरीही एकतीसपैकी एकाच दिवसाची नोंद असेल, तर तेवढ्याच दिवसाचा पाऊस महिन्याचा म्हणून छापला जाईल. म्हणून त्या विद्यार्थिनीला आम्ही बेरजेशेजारी आणखी एक स्तंभ काढायला लावला. प्रत्येक महिन्यात प्रत्यक्ष किती दिवस नोंद झाली, त्याचा. त्या स्तंभात दिवाळीच्या सुट्टीतले कोरे दिवसही दिसले, ते तोवर कोणाच्याच लक्षात आले नव्हते.